ओल्या गवताचा बोळा

धुकं अजून झाडांतून निघालं नव्हतं, तेव्हाच फाउस्तो तारेच्या कुंपणापाशी उभा राहून हाका घालायला लागला.

"तोमाऽ... तोमाऽ... ओस्काऽऽ!"

'तोमा' म्हणजे घे. मिठाचा खडा तळहातावर धरून गुरांना असंच बोलावतात आमच्या डोंगरात. पण फाउस्तोचा आवाज मध्येच फाटला. पुढचं सगळं खोकल्यात गेलं. तो गुडघ्यावर हात टेकून खोकत राहिला आणि समोरचं रान नुसतं ठिबकत राहिलं.

मागं त्याची बायको बासीलिया मिठाची पिशवी घेऊन उभी होती.

"अशा हाकेनं जवळ आलेली गायसुद्धा पळून जाईल, म्हाताऱ्या."

"मग तू मार."

"मी मारली काल. परवा मारली. माझं ऐकते का ती? ती एकीचंच ऐकायची."

फाउस्तोनं मान वर केली नाही. कोणाचं, हे त्या घरात आता मोठ्यानं बोलत नसत.

त्या वर्षी पावसानं फार ओढ दिली होती. आमच्या सेहा अल्ता वस्तीच्या उतारावरचं गवत पार पिवळं पडून, मग करडं होऊन, शेवटी वाऱ्यावर उडून गेलं. मक्याची ताटं जनावरांनी मुळापर्यंत कुरतडली. फक्त तारेच्या आत, वरच्या रानात, सगळं हिरवं होतं. तिथं पाऊस नसतानाही पाणी असतं. ढग चालत येतो, झाडांना टेकतो, आणि झाडांच्या अंगावरचं शेवाळ पिळल्यासारखं गळायला लागतं. ते थेंब गोळा होऊन झरा होतो, झऱ्याचा ओढा होतो, आणि ओढा खाली सावसेस गावाच्या टोमॅटोच्या वाफ्यांत जातो. देवानं ही व्यवस्था कधी लावून ठेवली कोण जाणे. माणसाला ती फार उशिरा दिसली.

दिसली, ती भांडणातून. खालचे म्हणायचे, तुम्ही वर झाडं तोडता, गुरं झऱ्यात घालता, आमचं पाणी आटतं. वरचे म्हणायचे, मग आम्ही काय दगड खायचे? एका उन्हाळ्यात खालची माणसं कोयते घेऊन वर आली होती. फाउस्तोनं नव्यानं घातलेल्या शेताचं कुंपण त्यांनी तोडून पेटवून दिलं. पुढं दोन्ही गावांत शहाणपण आलं, बोलणी झाली, आणि करार ठरला. वरच्यांनी रान राखायचं, गुरं आत सोडायची नाहीत. त्याच्या मोबदल्यात पाणी वापरणाऱ्यांनी राखल्या रानागणिक दर साल मधमाश्यांची एक भरली पेटी द्यायची. पैसे द्यायलाही खालचे तयार होते. बासीलियाच बैठकीत उठून म्हणाली होती, "पैसे नकोत. पैसे आमचे पुरुष पिऊन टाकतील. माश्या कोणाला पिता येत नाहीत."

आणि एक गोष्ट करारात नव्हती, पण ती आपोआप पडून गेली. पेटी गाडीतून किंवा गाढवावरून आणायची नाही. ज्याच्या घरात ते पाणी जातं, त्यानं ती स्वतःच्या पाठीवर वाहून वर आणायची. आधी सगळ्यांनी मिळून रान फिरून बघायचं. रान आणि घर एकाच तारेच्या आत. रान स्वच्छ असेल तर पेटीवाला तारेच्या आत अंगणात येतो, पेटी मांडतो, वरच्या घरी जेवतो. रानात गुरांचा माग निघाला तर तो तारेबाहेरूनच, पाणीही न पिता, पेटी घेऊन उलटा उतरतो.

आणि ह्या वर्षी ओस्का आत होती.

ती आपोआप गेली नव्हती. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या, पोटात वासरू होतं. एका संध्याकाळी फाउस्तोनं कोपऱ्यातल्या खांबाची तार सैल केली आणि तोंड फिरवून उभा राहिला. एकच रात्र चरेल, सकाळी बाहेर काढू, एवढंच मनात होतं. सकाळी गेला तर गाय नाही. दुसऱ्या दिवशी नाही. रानानं तिला गिळून टाकल्यासारखं झालं.

*

रविवारी चॅपलमध्ये सगळी वस्ती जमली. पाद्री आमच्याकडं वर्षाकाठी एकदा येतो. एरवी सेल्सोच प्रवचन गातो. हो, गातोच. तो चारांगोच्या तारा छेडतो, दोन शब्द बोलतो, दहा गातो. बोलताना तो साधा चांभार असतो. गायला लागला की त्याच्या तोंडून दुसरंच कोणी बोलतं. कोकाची पानं चघळत बाहेर बसलेले पुरुषही मग हळूहळू दारापर्यंत सरकतात.

त्या दिवशी त्यानं डोंगरातल्या माउलीचं आख्यान लावलं होतं. माउली घागर घेऊन घरोघर पाणी द्यायला निघाली. ज्यानं शिवी दिली त्यालाही दिलं, ज्यानं दगड मारला त्यालाही दिलं. शेवटचं घर आलं तर दार बंद.

"मग माउलीनं काय केलं?" सेल्सोनं तारांवरचा हात उचलला. "निघून गेली? नाही. दार वाजवलं? तेही नाही. उंबऱ्याबाहेर बसली. घागर मांडीवर घेतली. आतल्याला तहान लागेल, तो उठेल, तोवर पाणी सांडू नये म्हणून घागरीला दोन्ही हातांनी धरून बसली..."

आणि तेवढीच ओळ तो पुन्हा पुन्हा गायला लागला, प्रत्येक वेळी थोडी खालच्या सुरात. बासीलियानं शाल तोंडावर ओढून घेतली.

प्रवचन संपल्यावर सेल्सोनं खालच्या गावच्या पाणी समितीचा निरोप सांगितला. ते गुरुवारी येणार होते. कोणत्या रानाला कोणाची पेटी, हे त्यांच्यात चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. तो एकेक घर सांगत गेला. फाउस्तोच्या रानापाशी आला तेव्हा थांबला, घसा साफ केला.

"फाउस्तोच्या रानाला वाल्तेरच्या घरची पेटी. वाल्तेर उसाच्या तोडणीला गेलाय. त्याची बायको आणील."

चॅपलमधल्या सगळ्या माना फाउस्तोकडं वळल्या. वाल्तेरची बायको म्हणजे एर्मिंदा, बासीलिया आणि फाउस्तोची एकुलती एक मुलगी. सेल्सोनंच तिला बाप्तिस्म्याला हातांवर धरलं होतं; तेव्हापासून तो फाउस्तोचा कोंपाद्रे, धर्माचा भाऊ. कुंपण जाळायला आलेल्या माणसांत वाल्तेर होता, आणि त्याच वर्षी ती त्याच्याबरोबर खाली उतरून गेली. "तिला ते पाणी गोड लागतं तर तिकडंच पिऊ दे," एवढं बोलून फाउस्तोनं तिचं नाव बंद केलं. तेव्हापासून ती वर आली नव्हती. तिला मुलगी झाल्याचंसुद्धा बासीलियाला मीठ विकणाऱ्या बाईकडून कळलं होतं.

बाहेर आल्यावर सेल्सो फाउस्तोजवळ गेला. "कोंपाद्रे, चिठ्ठी मी टाकली नाही हां. देवानं टाकली."

"देवाला दुसरी कामं नाहीत वाटतं," फाउस्तो म्हणाला आणि टोपी घालून चालायला लागला. पण चॅपलची पायरी उतरताना त्याचा पाय चुकला, हे बासीलियानं पाहिलं.

*

मग सुरू झाली गाईची खरी शोधाशोध.

दक्षिणेचा गार वारा सुटला होता. धुक्याबरोबर बारीक भुरभुर, हाडात शिरणारी. फाउस्तो पहाटेच कोका गालात दाबून रानात शिरायचा, तो दुपारी निथळत बाहेर यायचा. टायरच्या चपलांतून पाय सुजून पांढरे पडायचे. बासीलिया ते कोमट पाण्यात धरायची आणि तो भिंतीकडं बघत बसायचा.

"मिठाच्या दगडापाशी गेला होतास?"

"गेलो होतो. चाटलाय. ताजा चाटलाय. पण ती दिसत नाही. मी आलो की लपते ती, गळ्यातली घंटासुद्धा वाजू देत नाही, डायन."

तो दगड झऱ्याच्या उगमापाशी होता. रान मोकळं असताना एर्मिंदा तिथंच गुरांना मीठ घालायची. ओस्काची आई दरीत पडून मेली, तेव्हा ते काळपट वासरू पोरीनं बोटं चोखायला देऊन जगवलं होतं. दुसऱ्या कोणाच्या हाताला ते कधी लागलंच नाही.

मंगळवारी फाउस्तो रानातून आला तो पाठीवर पोतं घेऊन. बासीलियाला वाटलं सरपण असेल. पोतं ओतलं तर शेण.

ती बघत राहिली. हा माणूस वाकून वाकून, दुखऱ्या कंबरेनं, रानभर आपल्याच गाईचं शेण वेचत हिंडला होता. नखांत, बाह्यांवर, दाढीला सगळीकडं ते लागलं होतं.

"खुरांचे ठसेपण गोळा करून आणायचे होतेस," ती म्हणाली. मग तिचाच आवाज मऊ झाला. "सांगून टाक ना रे. समितीच्या रुफिनोला सरळ सांग, गाय उपाशी होती, चुकलो."

"मग पेटी जाईल."

"जाऊ दे पेटी. मागच्या दोन आहेत."

"आणि पेटीबरोबर?" फाउस्तो एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला.

तेव्हा तिला कळलं, की हा पेटीसाठी शेण वेचत नाही. माग निघाला तर पोरगी तारेपाशी येऊन, तारेपासूनच उलटी जाणार. आई-बापाच्या अंगणात पाय न ठेवता. तिला स्वतःला रविवारपासून तेवढंच भय होतं. फक्त ते त्यालाही असेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या रानातल्या मोठ्या झाडांवर अजून जुन्या घावांच्या खुणा आहेत. फाउस्तोनं कुऱ्हाडीनं घालून ठेवलेल्या. एर्मिंदाचं लग्न ठरलं की तेवढी झाडं पाडून तिच्यासाठी बटाट्याचं शेत काढायचं होतं. ती गेली, कुऱ्हाड भिंतीला लागली, घाव भरून आले. खालचे लोक म्हणतात फाउस्तोनं रान राखलं. बासीलियाला माहीत होतं त्यानं काय राखलं होतं ते.

बुधवारी तिनं अंगण सारवलं, पांढरा मका शिजत घातला, चीज दाबून ठेवलं. कोपऱ्यातली खाट बाहेर काढून झटकली, आणि कोणी विचारण्याआधीच मोठ्यानं म्हणाली, "ढेकूण झालेत." कोणी विचारलं नाही. फाउस्तो त्या खाटेचा डगमगता पाय ठोकून बसवत होता.

*

गुरुवारी ऊन पडलं. समितीची माणसं उतारावरून दिसायला लागली. पुढं समितीचा मुख्य रुफिनो, काठी टेकत. मागं पाठीवर पेट्या बांधलेली माणसं, एकामागं एक. बासीलिया तारेपाशी जाऊन उभी राहिली. त्या ओळीतली शेवटून दुसरी बाई जराशी डावीकडं झुकून चालत होती. लहानपणी पाण्याचे डबे आणताना झुकायची तशीच.

एर्मिंदा वर आली. अंगानं भरली होती. पाठीवरच्या पेटीचा पट्टा कपाळावर रुतून लाल वळ उठला होता. पेटीच्या तोंडात ओल्या गवताचा बोळा घट्ट कोंबला होता आणि आतून दाबलेला, एकसारखा घूं घूं आवाज येत होता.

"आई."

"आलीस गं."

मध्ये तार होती. बासीलियानं तारेवरून हात घालून तिच्या कपाळावरचा वळ चोळला. काय बोलायचं ते सगळं रविवारपासून पाठ करून ठेवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "मुलीला कोणाजवळ ठेवलंस?"

"सासूजवळ. शाळा आहे तिची."

"कोणासारखी दिसते?"

एर्मिंदा हसली. "हट्टाला इथल्यासारखी आहे."

फाउस्तो चार पावलं मागं उभा होता. तो रुफिनोशी हवेबद्दल बोलला, वाटेबद्दल बोलला, रुफिनोच्या नव्या काठीबद्दलही बोलला. लेकीकडं त्यानं बघितलं नाही. तिनं खाली बघत "बाबा, नमस्कार" म्हटलं, तेव्हा त्यानं टोपीला हात लावला, जसा परक्याला लावतात.

पेटी तारेबाहेरच्या झाडाच्या सावलीत ठेवली. बासीलिया तिच्याशेजारी बसली, कोणी तरी बसायलाच हवं होतं. बाकी सगळे रानात शिरले. सेल्सो, रुफिनो, एर्मिंदा, आणि सगळ्यांच्या मागं फाउस्तो, मान खाली घालून.

ती पेटीला हात लावून बसली. फळीतून माश्यांची ऊब हाताला लागत होती. माउलीला हाका मारण्याइतकंही तिच्यात त्राण नव्हतं. ती नुसतं मनात म्हणत होती, एवढी पेटी आत येऊ दे. मध नाही आला तरी चालेल.

बराच वेळ गेला. आणि मग वरून, झऱ्याच्या बाजूनं, आवाज आला.

"तोमाऽऽ... तोमाऽऽ... ओस्काऽऽऽ!"

शेवटचं अक्षर वर चढवून सोडायचं, मग थोडं थांबायचं, मग हलकेच पुन्हा. किती वर्षांत तो आवाज त्या रानानं ऐकला नव्हता. बासीलियाच्या अंगावर काटा आला. तिचा पहिला श्वास सुखाचा होता. ती पोर पुन्हा परकर खोचून मीठ घालतेय आणि आता भूक लागली म्हणून धावत घरी येईल, असं तिला खरोखर वाटलं. दुसऱ्या श्वासाला तिला उमगलं, की गाय सापडणार. सगळं संपलं.

गळ्यातली घंटा वाजली. आधी लांब, मग जवळ.

*

ते बाहेर आले तेव्हा पुढं एर्मिंदा होती. तिच्या तळहाताला ओस्काचं नाक लागलेलं, आणि ओस्काच्या मागं एक ओलसर, लटपटतं काळं वासरू. रानातच व्याली होती.

सेल्सो बासीलियाजवळ येऊन हळूच म्हणाला, "झऱ्यापाशी खुरांचे ठसे दिसले. रुफिनोनं विचारलं. फाउस्तो म्हणाला, रानडुकरं असतील."

"आणि मी म्हणालो, तुमच्याकडची डुकरं फार पोसलेली दिसतात," रुफिनो मागून म्हणाला. पण हसला नाही.

"मग रुफिनो म्हणाला, माउलीची शपथ घे," सेल्सो सांगत होता. "घेतली असती कोंपाद्रेनं. हात वर केला होता. पोरीनं त्याच्याकडं बघितलं, आणि तोंडातून शब्द निघायच्या आत हाक घातली."

फाउस्तो तारेच्या आतल्या बाजूला उभा होता. तो हात अजून कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

"गाय उपाशी होती," बासीलिया म्हणाली. "पोटुशी होती. तुला डोळे आहेत ना रुफिनो?"

"आहेत, बाई. खालच्या वाफ्यांकडं बघून बघून दुखतात ते. तुमच्या गाईची मला दया येते. पण आज तुमची गाय सोडली तर उद्या सगळ्या डोंगराची गुरं झऱ्यात उभी राहतील, आणि मग मी कोणाला पेटी उचल म्हणू?" त्यानं काठी बदलली. "एर्मिंदा, पेटी उचल. ऊन तापायच्या आत उतरायला हवं."

एर्मिंदानं गाईच्या नाकाखालचा हात काढून घेतला आणि लुगड्याला पुसला. ती पेटीजवळ आली, पट्टा सरळ केला, खाली बसली. "आई, जरा हात लाव."

बासीलियाला हात लावता येईना.

"मका शिजलाय गं," ती म्हणाली. "पांढरा."

"नियम आहे, आई. आमच्या घरी ह्याच झऱ्याचं पाणी येतं. मीच मोडला तर..." पट्टा कपाळावर चढवायला तिनं मान वाकवली.

तेव्हा फाउस्तो तारेखालून वाकून बाहेर आला. कंबर धरत, एका गुडघ्यावर टेकत, तो पेटीसमोर बसला. लोकांना वाटलं उचलायला हात देतोय. त्यानं दोन जाड बोटं पेटीच्या तोंडात घातली आणि ओल्या गवताचा बोळा उपसून काढला.

"फाउस्तो!"

क्षणभर काही झालं नाही. मग एक माशी बाहेर आली, उंबऱ्यावर थांबली. तिच्या मागं दुसरी. मग धार लागली. दोघी-चौघी त्याच्या मनगटाला डसल्या. त्यानं हात हलवला नाही. माश्या उडून लांब जात नव्हत्या. पेटीकडं तोंड करून हवेत तरंगत होत्या, मागंपुढं, लहानमोठे वळसे घेत, नवी जागा ध्यानात ठेवत.

"हे काय केलंस?" रुफिनोनं काठी आपटली.

"उकडत असेल त्यांना."

"आता ह्या अंधार पडल्याशिवाय आत येणार नाहीत!"

"मला माहीत आहे."

"आणि अंधारात त्या उतारावरून पेटी कोण नेणार?"

"सकाळी न्या," फाउस्तो म्हणाला. "पेटी तुमचीच आहे. मी कुठं माझी म्हणतोय? मी चुकलो. चॅपलच्या दारात सगळ्यांसमोर सांगीन. पेटी सकाळी न्या."

"पण तोवर हिच्याजवळ कोण बसणार? समितीची पेटी आहे ती."

सेल्सो आकाशाकडं बघत, दाढी खाजवत म्हणाला, "ज्याची पेटी त्यानं बसायचं. करारात नसेल, पण रीत तीच दिसते."

रुफिनोनं त्याच्याकडं बघितलं, मग बासीलियाकडं, मग माश्यांकडं. त्यानं काठी उचलून बाकीच्यांना पुढं चला अशी खूण केली. "चांभार आणि म्हातारे," तो पुटपुटला. "देव वाचवो ह्यांच्यापासून." पण जाता जाता तो थांबला. "पोरी, तुझ्या सासूला निरोप सांगतो."

ते पुढच्या रानाकडं गेले. एर्मिंदा पेटीपाशी तशीच बसून होती, पट्टा हातात घेऊन. आत ओस्का तारेला मान घासत हंबरत होती.

फाउस्तो गुडघा धरून उठला. मनगट सुजायला लागलं होतं. तो कुंपणाच्या कोपऱ्यापाशी गेला, जिथली तार त्यानंच सैल केली होती.

"व्यालेल्या गाईला मीठ द्यायला हवं," तो रानाकडं बघत म्हणाला. "माझ्या हातचं खात नाही ती."

एर्मिंदानं मान वर केली.

त्यानं खालच्या तारेवर पाय देऊन ती दाबली, वरची तार दोन्ही हातांनी उचलून धरली, आणि तिला आत येण्यापुरती वाट करून उभा राहिला. काटा तळहातात रुतत होता. ती उठेपर्यंत, लुगडं आवरेपर्यंत, वाकून आत येईपर्यंत त्यानं तार तशीच धरून ठेवली.